सावित्री खाडीत तुफानापूर्वी नाव बांधताना

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

महाड हे एके काळी बंदर होते, असे आज तेथील एखाद्या शाळकरी मुलास सांगितले तर त्याला ती थट्टा वाटण्याचा संभव आहे. समुद्र तेथून दूर, आणि रहदारी सारी मुंबई–गोवा महामार्गावरची. तथापि भरतीचे पाणी सावित्रीच्या पात्रातून आजही महाडच्या दिशेने चढते. याच पाण्यावर स्वार होऊन गलबते, पडाव आणि मचवे बाणकोटच्या मुखातून आत शिरत, म्हाप्रळ आणि आंबेत मागे टाकीत व दासगावच्या धक्क्यास लागत. लहान नावा भरती साधून थेट महाडपर्यंत जात. घाटावरचा माल येथे उतरे आणि किनाऱ्यावरचे मीठ व मासळी येथून घाटावर चढे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून निघाले ते जलमार्गाने, आणि उतरले ते दासगाव बंदरातच. आजच्या पिढीला दासगाव आठवते ते महामार्गावरील एक गाव म्हणून; त्या वेळी ते महाडचे समुद्राकडील दार होते.

शिडांची संख्या पुढे ओसरली. रस्ते झाले, पूल झाले, रेल्वे आली, आणि उरल्यासुरल्या नावांवर यंत्रे बसली. परंतु खाडीकाठच्या गावांत नाव अद्याप आहे, आणि नाव आहे तोवर वादळापूर्वी ती बांधावी कशी हा प्रश्नही आहे. वरवर पाहता हा प्रश्न नाखव्याचा आणि तांडेलाचा. ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. सावित्रीच्या खाडीत तो संबंध फार जवळचा आहे.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. समुद्रसपाटीपासून १३०० मीटरांहून अधिक उंचीवरचे हे पाणी थोड्याच अंतरात पोलादपूरच्या खोऱ्यात कोसळते आणि महाडपाशी येईतो भरती-ओहोटीच्या टापूत शिरते. महाडजवळ गांधारी तिला मिळते, दासगावच्या बाजूस काळ नदीचे पाणी येते. अशा रीतीने दासगावच्या धक्क्यास बांधलेली नाव दोन धन्यांच्या ताब्यात असते. एक धनी पश्चिमेस समुद्रावर आणि दुसरा पूर्वेस सह्याद्रीवर. उघड्या किनाऱ्यावरील बंदरात वादळ म्हणजे वारा आणि लाट. सावित्रीच्या खाडीत वादळ म्हणजे वारा आणि पूर, आणि या दोहोंच्या मागण्या परस्परविरुद्ध असतात.

अलीकडची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत शिरले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटरच्या घरात होता. वादळ समुद्राचे, म्हणून ते किनाऱ्यावरच विसावेल, ही समजूत त्या दिवशी दक्षिण रायगडच्या अंतर्भागात खोटी ठरली. पत्रे उडाले, झाडे व विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे पुढे अनेक दिवस अंधारात राहिली. ती तिथी त्रयोदशी लागण्याच्या सुमाराची होती. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास निघतो, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा लावला, तर भरती सकाळी पावणेदहाच्या सुमारास येते. म्हणजे पूर्ण भरती आणि वादळाचा कळस यांत काही तासांचे अंतर पडले. हे अंतर पडले नसते तर खाडीकाठी पाणी आणखी किती चढले असते, याचा विचार प्रत्येक खाडीकाठच्या पंचायतीने एकदा करून पाहण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण २२ जुलै २०२१ चे. त्या वेळी चक्रीवादळ नव्हते. महाबळेश्वर येथे चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. तळीये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले, आणि महाड शहर पाण्याखाली गेले. योगायोग असा, की ही तिथीही त्रयोदशीच होती व गुरुपौर्णिमा तोंडावर आली होती. डोंगरातून उतरणारे पाणी आणि समुद्राकडून चढणारी उधाणाची भरती यांची गाठ महाड–दासगावच्या पट्ट्यात पडली. ज्या धक्क्यावर ‘निसर्ग’च्या दिवशी वाऱ्याचे भय होते, त्याच धक्क्यावर पुढच्या वर्षी पाण्याच्या उंचीचे भय होते.

येथे मुख्य मुद्दा येतो. वाऱ्याच्या भयाने माणूस दोर आखडून बांधतो. हिसके बसू नयेत, नाव धक्क्यावर आपटू नये, म्हणून असे करणे स्वाभाविकच आहे. पण पाणी तीनचार मीटर चढले, की आखडलेला दोर नावेची नाळ खाली ओढून धरतो, नाव एका अंगावर कलते आणि पाणी आत शिरते. अशी नाव वाऱ्याने बुडत नाही, पुरानेही बुडत नाही; ती तिच्या धन्याच्या काळजीने बुडते. उलट दोर सैल सोडला, तर पूर येण्याआधीच्या वाऱ्यात ती धक्क्यावर आपटून फुटते. या पेचातून सुटण्याचा मार्ग दोराच्या जाडीत नसून त्याच्या लांबीत आणि दिशेत आहे.

उपस्थित शिक्षकांना हे फळ्यावर काटकोन त्रिकोण काढून सहज दाखविता येईल. नावेपासून खुंट ४ मीटरांवर आहे आणि पाणी ३ मीटर चढले, असे धरू. कर्ण ५ मीटरांचा होतो. म्हणजे दोराला पुरा एक मीटर जादा हवा. आता तोच खुंट १२ मीटरांवर घ्या. पाणी तेवढेच, ३ मीटर, चढले, कर्ण १२.३७ मीटर होतो. जादा दोर लागला केवळ ३७ सेंटिमीटर. यास्तव नाव समोरच्या खुंटाला न बांधता, नाळेचा दोर धक्क्यावरील लांबच्या पुढील खुंटाला व मागच्या टोकाचा दोर तितक्याच लांबच्या मागील खुंटाला न्यावा. आणि मधून दोन दोर तिरपे, एक पुढे व एक मागे, असे द्यावेत, म्हणजे नाव पुढेमागे सरकत नाही. लांब दोर पाण्याची चढउतार पोटात घेतो, आखूड दोर घेत नाही. अनुभवी तांडेल हे त्रिकोणावाचून जाणतो. नव्या पिढीतील अनेकांना मात्र नाव वारशाने मिळाली आणि तांडेलकी मिळाली नाही. त्यांच्यासाठी त्रिकोण उपयोगी आहे.

दोराविषयीही थोडे सांगितले पाहिजे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटर वाऱ्यात जो दोर टिकला, त्याच्यावर १२० किलोमीटरच्या वाऱ्यात दुप्पट नव्हे, चौपट ताण येतो. म्हणून ‘दरवर्षी हाच दोर पुरतो’ हे म्हणणे फसवे आहे. नायलॉनचा दोर ताणला जातो व हिसका पचवितो, हा त्याचा गुण. मात्र उन्हात वर्षानुवर्षे पडलेला कोणताही कृत्रिम धाग्याचा दोर वरून शाबूत दिसला तरी कमकुवत झालेला असू शकतो. गाठीपाशी दोराचे बळ बरेच कमी होते. आणि वादळात दोर क्वचितच ताणाने तुटतो. बहुधा तो घासून तुटतो. धक्क्याच्या दगडी काठावर, नावेच्या कडेवर, लोखंडी कडीवर जेथे जेथे दोर टेकतो, तेथे तेथे गोणपाट किंवा जुन्या नळीचा तुकडा गुंडाळून बांधावा. चार रुपयांच्या गोणपाटाने लाखाची नाव वाचते, असे म्हणण्याची सोय येथे खरोखरच आहे. नाव आणि धक्का यांच्यामध्ये जुने टायर टांगलेले असतात. ते एकाच उंचीवर न टांगता वरखाली टांगावेत, कारण नाव एका उंचीवर राहणार नाही.

शीड असलेल्या नावेला आणखी एक काळजी. शीड उतरवून काठीला गुंडाळून बांधले म्हणजे काम झाले, असे नव्हे. गुंडाळलेले शीड तुफानात सुटते, फुगते, आणि ज्या नावेला धक्क्यावर थांबायचे आहे तिला चालवू लागते. शीड व त्याची आडवी काठी पार उतरवून घरी न्यावी. डोलकाठी काढता येण्याजोगी असेल तर तीही काढून आडवी करावी. नुसत्या काठीवर आणि तिच्या दोरांवरही वारा बळ धरतो. नावा शेजारी शेजारी असतील तर त्यांच्या काठ्या एकमेकींच्या समोर येणार नाहीत, अशा पुढेमागे ठेवाव्यात. सुकाणू काढावे, जाळी, पिंपे, सारे सुटे सामान घरी न्यावे.

आता पाऊस. उघड्या नावेची लांबीरुंदी मिळून १० चौरस मीटर धरली आणि दिवसभरात ३०० मिलिमीटर पाऊस पडला, तर नावेत ३,००० लिटर, म्हणजे तीन टन पाणी साचते. या खोऱ्यात असा पाऊस काही नवलाचा नाही. उपसणारे कोणी नसेल तर नाव केवळ पावसाने बसते. म्हणून किनाऱ्यावर ओढलेल्या नावेच्या तळाचे बूच काढून ठेवावे, आणि पाण्यातील नावेवर ताडपत्री किंवा झावळ्यांचे झाप असे बांधावेत, की पाणी बाहेर ओघळेल व वारा खाली शिरणार नाही. जुने लोक पावसाळ्यापूर्वी नाव ओंडक्यांवरून वर ओढीत, टेकू देत आणि झापांनी शाकारीत. ज्या नावेला ओढणे शक्य आहे तिच्यासाठी यापेक्षा चांगला उपाय अजून सापडलेला नाही. ती मात्र पुराच्या खुणेच्या वर ओढावी लागते. भरतीच्या खुणेच्या वर एवढे पुरत नाही. २०२१ च्या पाण्याने ते पटवून दिले.

ओढता न येणारी मोठी नाव धक्क्यापेक्षा आतल्या लहान खाडीत, तिवरांच्या आडोशास नेणे बरे. तेथे लाट मरते आणि चारी बाजूंना दोर देता येतात. दोर एका झाडाला न देता अनेक झाडांच्या बुंध्यांना, मुळांजवळ, विभागून द्यावेत. चारी बाजूंना अशासाठी, की चक्रीवादळात वारा एका दिशेचा राहत नाही. केंद्र महाडच्या उत्तरेकडून गेले तर वारा आधी पूर्व-आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी नैर्ऋत्येकडून, म्हणजे खाडीच्या तोंडाकडून वर चढत, येतो. केंद्र डोक्यावरून गेले तर मध्ये वारा पडतो, आकाशही थोडे उघडते, आणि माणसे दोर पाहावयास धक्क्यावर धावतात. मग उलट दिशेचा वारा एकाएकी सुटतो. विजेच्या खांबाला दोर कोणत्याही परिस्थितीत बांधू नये, हे सांगावे लागू नये. पण सांगितले पाहिजे.

वादळाआधी तरांडे सुरक्षित करण्याचा विचार या भूमीत नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीविषयी तपशीलवार सूचना आहेत. समुद्र खवळण्याच्या आधीच जहाजे सुरक्षित खाडीत आणावीत, सारी एकाच ठिकाणी गोळा करू नयेत, आणि रात्री त्यांच्यावर पहारा ठेवावा, असा त्या सूचनांचा आशय आहे. ज्या रायगडाच्या दरबारात ही परंपरा घडली तो महाड तालुक्यातच उभा आहे. त्या सूचनांमध्ये दोरापेक्षा वेळेस अधिक महत्त्व आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वेळ किती मिळतो? भारतीय हवामान विभागाकडून चक्रीवादळाची पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी, सावधानतेचा इशारा ४८ तास आधी आणि वादळाचा इशारा २४ तास आधी दिला जातो. बंदरांवर १ ते ११ क्रमांकांचे बावटे, दिवसा सुळके-नळकांड्यांच्या आकृतींनी व रात्री लाल-पांढऱ्या दिव्यांनी, लावले जातात. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकापर्यंत नाव बांधून व्हावयास हवी. आठ ते दहा हे महासंकटाचे क्रमांक लागल्यावर धक्क्यावर माणूस असता कामा नये. अकरावा क्रमांक मोठा बोलका आहे. संपर्क तुटला, एवढाच त्याचा अर्थ. आणि बातमी येईनाशी झाली म्हणजे संकट मोठे आहे असे समजावे, अशी त्यामागची दृष्टी आहे.

हे झाले समुद्राकडून येणाऱ्या इशाऱ्याबद्दल. डोंगराकडून येणाऱ्या पाण्याला असा बावटा नाही. तो पोलादपूरला लावावा लागेल. पोलादपूरच्या खोऱ्यात सावित्री दुथडी भरली म्हणजे काही तासांत तेच पाणी दासगावच्या दोरांवर येऊन पडणार. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड–पोलादपूर दरम्यानचा सावित्रीवरील १९२८ चा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्याही गेल्या. बुडालेल्यांचा शोध पार खाडीच्या मुखापर्यंत घ्यावा लागला. या प्रवाहापुढे नावेचा दोर किती, हे निराळे सांगावयास नको. महसूल मंडळांतील पर्जन्यमापकाचा आकडा आणि नदीच्या पाण्याची हालचाल पोलादपूरच्या ग्रामपंचायतींनी दासगाव व खाडीकाठच्या पंचायतींना थेट कळवावी. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन तो संदेश पुन्हा खाली उतरेतो पाणी त्याच्या पुढे गेलेले असते. दूरध्वनी बंद पडेल हे गृहीत धरूनच ही व्यवस्था आखावी. देवळाची घंटा, मशिदीचा भोंगा, मोटारसायकलवरचा तरुण, जे टिकेल ते. महाड हा समुद्रकिनारा नसलेला तालुका, म्हणून वादळाची सूचना येथे दुय्यम, ही मनाची सवय ‘निसर्ग’नंतर तरी सुटावयास हवी होती. ती पुरती सुटलेली नाही.

या साऱ्यात खरा धोका नावेला नसून माणसाला आहे. नाव हा घराचा चुलीइतकाच आधार. तीवर बहुधा कर्ज असते. म्हणून मध्यरात्री पाणी चढू लागले, की धनी आखडलेला दोर सोडावयास कमरेएवढ्या प्रवाहात उतरतो. त्याला ‘जाऊ नको’ असे नुसते सांगून तो थांबत नाही. त्याने जावेच लागू नये, अशी बांधणी दिवसाउजेडी झालेली असली पाहिजे. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. दोराचे जमिनीवरचे टोक पुराच्या खुणेच्या वरील झाडाला किंवा खुंटाला बांधावे आणि जादा दोर तेथेच गुंडाळून ठेवावा. मग तो सैल करावयास पाण्यात पाऊल घालावे लागत नाही. ज्या गावांत २०२१ च्या पाण्याची खूण भिंतींवर अजून दिसते, तेथे ती रंगाने पक्की करून ठेवावी. असा खुंट पंचायतीने स्वतःच्या खर्चाने रोवून द्यावा. धक्क्यावरील कठड्यापेक्षा त्याची गरज अधिक आहे.

नुकसान झालेच तर आपत्ती निवारण निधीतून नावा व जाळी यांच्यासाठी साहाय्याची तरतूद आहे; पण त्यासाठी नोंदणी व पंचनामा लागतो, आणि वाहून गेलेल्या नावेचा पंचनामा करणे अवघड असते. यास्तव ज्येष्ठ लागण्यापूर्वी ग्रामसेवकाने धक्क्यावर जाऊन एका वहीत प्रत्येक नावेची नोंद घ्यावी. नोंदणी क्रमांक, लांबी, यंत्र, दोर किती व कसे, आणि इशारा मिळताच ती कोठे न्यावयाची, एवढे पुरे. त्यात आणखी एक रकाना अवश्य असावा. कोकणातील पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष मुंबईस असतात; घरी म्हातारी माणसे व स्त्रिया. अशा घराची नाव कोणी बांधावयाची, त्या दोघातिघांची नावे आधीच लिहून त्यांना ती वाचून दाखवावीत. वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवण्याची रीत आहे. खाडीकाठच्या कार्यालयांत पावसाळ्यापुरती ती रीत मोडून, वही वरच्या आळीतील एखाद्या घरी, माळ्यावर ठेवावी.